लॉक जुनं झालं म्हणे! मग हे वजा १५ बॉक्स कुणाचे?

शीतगृह_सांगली
काल इथंच एका विद्वानानं लिहिलं: "लॉकबिक जुन्या जमान्याच्या गोष्टी. आता सगळे एकाच वेळी लिहितात, सॉफ्टवेअर आपोआप जुळवून घेतं." खाली धडाधड लाईक. लॉक म्हणजे एकजण नोंद बदलत असेतो बाकीच्यांना थांबवून ठेवणारं कुलूप. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

एका लॉटमध्ये बेदाण्याचे ४० बॉक्स शिल्लक. सांगलीच्या अडत दुकानातून एकानं ३० ची डिलिव्हरी काढली. त्याच वेळी तासगाव रोडला गेटवरच्या पोरानं, मोबाईलला रेंज नसताना, २५ ची काढली. रेंज आली, दोन्ही नोंदी सुखानं जुळल्या, एक अक्षर हरवलं नाही. शिल्लक वजा १५. दोन टेम्पो दारात, दोन व्यापारी माझ्या डोक्यावर.

१९८९ ला एलिस आणि गिब्स यांनी ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन (एकाच वेळी केलेले बदल एकमेकांशी जुळवून घ्यायची पद्धत) मांडलं ते अनेकांनी मिळून मजकूर लिहिण्यासाठी. २०११ पासून ज्याचा गवगवा आहे ते सीआरडीटी (वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती आपोआप जुळाव्यात अशी माहितीची रचना) हमी देतं ती एवढीच, की शेवटी सगळ्यांच्या प्रती सारख्या होतील. सारख्या, बरोबर नव्हे! शिल्लक शून्याखाली जाऊ नये हे त्याला कोण सांगणार?

पुण्यातला_सांगलीकर
विद्वान मीच. पुढचं वाक्य सोयीस्कर गाळलंत. "मजकूर आणि आराखड्यांसाठी" असं स्पष्ट लिहिलं होतं. साठ्याचा हिशेब मी काढलाच नव्हता.

आणि लॉकचं कौतुक मला सांगू नका. वडील पतसंस्थेत होते, तिथं फॉक्सप्रो हा जुना डेटाबेस प्रोग्रॅम होता. क्लार्कनं एका सभासदाचं खातं उघडायचं आणि चहाला जायचं. बाकीच्या स्क्रीनवर 'अटेम्प्टिंग टू लॉक', बाहेर रांग, आणि शिपाई गल्लीभर क्लार्कला शोधतोय. मार्चअखेरीला तर वडील जेवायला घरी येत नव्हते.

फॉक्सप्रोवाले_काका
तो दोष फॉक्सप्रोचा नव्हे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा. स्क्रीन उघडली की लॉक घ्यायचंच कशाला? वाचताना रेकॉर्डचा आवृत्ती क्रमांक घ्यायचा. सेव्ह करताना क्षणभर आरलॉक (त्या एका रेकॉर्डपुरतं लॉक), क्रमांक तोच आहे का बघायचं, बदलला असेल तर "मधे दुसऱ्यानं हात लावलाय, परत बघा" असं सांगायचं. आम्ही हे करत होतो. पण १९९२ ला मायक्रोसॉफ्टनं फॉक्स विकत घेतलं, वर्षानुवर्षं उपाशी ठेवलं आणि २०१५ ला सपोर्टही संपवला. सोन्यासारखी चीज...

भडंग_विथ_चहा
काका, फॉक्सप्रोचं वर्षश्राद्ध दुसऱ्या धाग्यावर घाला की.
आमच्याकडं लॉक नाही अन् जुळवाजुळवही नाही. व्हॉट्सॲपवर 'स्टॉक_फायनल_नवीन_खरा.एक्सएलएस' फिरतंय. मालक म्हणतात, ज्याच्या फोनात शेवटचं आलं ते खरं.

वारणेचा_वाघ
तुम्ही आकड्यांवर भांडताय, आमचा घोळ नावांचा आहे. चौघं मिळून शेतकऱ्यांची यादी भरतात. अहवालात कऱ्हाड दोनदा! डोळ्याला दोन्ही एकच. एकानं 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त दिलेला, दुसऱ्याच्या कीबोर्डनं साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढं न दिसणारं जोडचिन्ह टाकलेलं. संगणकाला ही दोन गावं. निम्म्या शेतकऱ्यांचं भाडं एकीकडं, निम्म्यांचं दुसरीकडं.

मिरज_जंक्शन
युनिकोड नॉर्मलायझेशन करा (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवलेली रूपं एकसारखी करणं), मिटलं.

वारणेचा_वाघ
केलंय साहेब. 'र'खाली नुक्ता (टिंब) असेल तर त्याचा 'ऱ' होतो. जोडचिन्हवाला तसाच राहतो. करून बघा, मग मिटलं म्हणा.

मिरज_जंक्शन
मग सरळ 'कराड' लिहा आणि मोकळे व्हा.

कोयनाकाठचा
वा! यशवंतराव चव्हाणांच्या गावाचं नाव आता तुमच्या डेटाबेसच्या सोयीनं बदलायचं?

वारणेचा_वाघ
चव्हाणसाहेबांचा जन्म देवराष्ट्र्याचा. ते आमच्या सांगली जिल्ह्यात येतं.

कोयनाकाठचा
जन्म तिकडं, वाढले कुठं? सांगलीकरांना सगळंच आपलं वाटतं.

मिरज_जंक्शन
आणि कऱ्हाडकरांना कोयनेचं पाणीसुद्धा स्वतःच्या टाकीतलं वाटतं. जाऊ दे. गाव टाईप करायला देताच कशाला? यादीतून निवडायला लावा, आत प्रत्येक गावाला कोड द्या.

वारणेचा_वाघ
यादी कोण भरणार? तेच चौघं. 'पाटील भाऊसो' आणि 'भाऊसाहेब पाटील' एकच की दोन, हे कुठला कोड सांगणार? एका गावात तसले सहा निघतील.

फॉक्सप्रोवाले_काका
आमच्या वेळी मास्टर फाईलला (नावागावांच्या मूळ यादीला) एकच माणूस हात लावायचा.

पुण्यातला_सांगलीकर
आणि तो रजेवर गेला की कारखाना बंद, ना काका?
मूळ प्रश्नाकडं या. रेंज नसताना विकायचंय ना? मग ४० बॉक्स आधीच वाटून ठेवा, २० दुकानाला, २० गेटला. आपल्या वाट्यात कुणी कितीही विका, बेरीज शून्याखाली जाणारच नाही. एस्क्रो नावानं ही पद्धत १९८६ पासून आहे, माझ्या पोस्टीपेक्षा जुनी.

शीतगृह_सांगली
ही अक्कल कालच्या पोस्टीत पाजळली असती तर माझा एक तास वाचला असता. पद्धत बरी आहे, मान्य. पण व्यापारी ३० मागतोय आणि माझ्या वाट्याला २०. मग?

पुण्यातला_सांगलीकर
मग गेटच्या वाट्यातले १० मागून घ्यायचे. ते मिळेपर्यंत पावती थांबेल.

शीतगृह_सांगली
म्हणजे लॉकच की! आणि गेटला रेंज नसेल तर मागायचे कुणाकडं?

भडंग_विथ_चहा
पोराला मोटरसायकलवर पाठवा. पेट्रोल कुणाच्या खात्यावर, ते मात्र आधी ठरवा.