मदत हवी आहे: पिशवी गेली, पण शौचाचा त्रास संपेना

बाबांच्या गुदाशयाच्या कॅन्सरला आधी रेडिएशन, मग ऑपरेशन झालं. शौचासाठी पोटावर लावलेली पिशवीही नंतर काढली. रिपोर्ट चांगले आहेत. पण सकाळी एकदा सुरू झालं की लागोपाठ फेऱ्या, आणि घाई इतकी की पायजम्याची नाडी सुटेपर्यंत धीर निघत नाही. डॉक्टर याला 'लार्स' (लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम) म्हणतात. मळ साठवणारा भागच काढल्यामुळे होतं. लोपेरामाइड (जुलाब रोखणारी गोळी), इसबगोल चालू आहे. लग्नकार्यं, एसटीचा प्रवास बंदच. जायचंच झालं तर आदल्या रात्री जेवत नाहीत.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम किंवा गुदद्वारातून पाणी सोडून आतडं धुण्याचा उपाय कुणी केलाय का? फरक पडायला किती दिवस लागले? पुण्यात हे नीट शिकवणारं कुणी माहीत आहे? आणि डायपरचा विषय बाबांजवळ काढायचा कसा, तेही सांगा.