कुठली मालिका सोडायची? तीन कपाटांतून एकच कपाट न्यायचं आहे

कपाटवाली (ठाणे)

पाचपाखाडीतली आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. दिवाळीनंतर सगळे भाड्याच्या घरांत पांगणार. कुणी घोडबंदरला, कुणी कळव्याला, दोन कुटुंबं ऐरोलीला. तळमजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत आम्ही मुलांचं वाचनालय चालवतो. तीन कपाटं आहेत आणि त्यातलं एकच ऐरोलीच्या घरात मावणार आहे. लहान मुलांच्या पुस्तकांची चिंता नव्हती, त्यांना घेणारे लगेच भेटले. घोडं अडलंय ते तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी घेतलेल्या इंग्रजी मालिकांपाशी.

सगळी पुस्तकं जमिनीवर मांडून, नोंदवही उघडून बसले. जवळजवळ प्रत्येक मालिकेत एकच चित्र दिसलं. पहिल्या भागाचे कोपरे गोल झालेले, पाठीवरची अक्षरं पुसट, मधली पानं सुटली म्हणून चिकटपट्टी लावलेली. दुसऱ्या भागाची पाठ जरा वाकलेली. तिसऱ्याची पाठ कोरी, आणि उघडताना अजून करकर आवाज येतो. म्हणजे मुलांनी आपापला निर्णय कधीच घेतलेला आहे.

माझा निकष असा: लेखकाने गोष्ट जिथे मिटवली, तिथे आपलं कपाटही थांबवावं. 'मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' मुळात तीन भागांची योजलेली होती. २००९च्या तिसऱ्या भागात मोठी लढाई होते, सगळे धागे जुळतात. मग २०११, २०१२ आणि २०१४मध्ये आणखी तीन भाग आले. पहिले तीन ठेवू, पुढचे तीन देऊन टाकू. 'पर्सी जॅक्सन' मालिकेचे २००५ ते २००९चे पाच भाग राहतील, त्यापुढची 'हीरोज ऑफ ऑलिंपस' जाईल. 'हंगर गेम्स'चे मूळ तीन राहतील. 'थ्रोन ऑफ ग्लास' जाईल, कारण शेवटचा भागच हजार पानांच्या घरात आहे आणि आमच्या संचातले मधले दोन हरवलेत.

'डायव्हर्जंट' मात्र पूर्ण जावी असं मला मनापासून वाटतं. पहिल्या दोन भागांत नायिका ट्रिस एकटी गोष्ट सांगते. २०१३च्या तिसऱ्या भागात तिचा प्रियकर फोरही सांगू लागतो, आणि दोघांचे आवाज इतके सारखे की कोण बोलतंय ते पाहायला प्रकरणाचा मथळा पुन्हा बघावा लागतो. शिवाय शहराभोवतीच्या कुंपणाचं जे स्पष्टीकरण मिळतं, त्याने दोन भागांत उभं केलेलं जग छोटं होऊन जातं. ज्या मालिकेचा शेवट तिच्या सुरुवातीलाच मारक ठरतो, ती मुलाच्या हातात कशाला द्यायची?

तुमची मतं हवी आहेत. विरोधी असली तरी चालतील.

सानपाडा लोकल

(पुढे 'डायव्हर्जंट'चा शेवट उघड होतो. वाचली नसेल त्यांनी हा प्रतिसाद सोडा.)

ताई, तुमच्या बाकीच्या यादीशी माझं भांडण नाही, पण 'डायव्हर्जंट'वर अन्याय करताय. मी ती ठाणे-वाशी गाडीत वाचली, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तिसऱ्या भागात ट्रिस मरते. त्यावरून २०१३मध्ये जगभर वाचक चिडले होते, लेखिकेला किती बोल लावले. पण पहिला भाग पुन्हा काढून बघा. तिथे ट्रिसची आई तिला वाचवताना मरते. मुलगी जन्मते निःस्वार्थी लोकांच्या गटात, तो गट सोडून धाडसी लोकांच्या गटात जाते, आणि शेवटी आईनेच केलेली गोष्ट करते. ती मालिका पहिल्या पानापासून तिथेच निघालेली होती. दोन आवाजही उगाच नाहीत. ती गेल्यावर गोष्ट सांगायला कुणीतरी उरायला हवं ना.

दोघांचे आवाज सारखे वाटतात, हे मान्य. स्पष्टीकरण फिकं आहे, हेही मान्य. पण नायिका जिवंत राहणार याची खात्री ज्या वयात वाचक धरून चालतो, त्या वयात हा धक्का बसावा. मला बसला होता. तुर्भ्याला गाडी थांबली तरी मी मान वर केली नव्हती.

आणखी एक. सिनेमांची मालिका २०१६च्या तिसऱ्या चित्रपटानंतर बंदच पडली, चौथा निघालाच नाही. सिनेमे पाहून आलेल्या मुलाला शेवट मिळतो तो फक्त पुस्तकात. तेच पुस्तक तुम्ही काढून टाकणार?

नेरूळचा ग्रंथपाल

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. दोन गोष्टी सांगतो, थोड्या कडक वाटल्या तर राग मानू नका.

पहिली, नोंदवहीवर इतका भार टाकू नका. तिसऱ्या भागाची पाठ कोरी राहण्याला अनेक कारणं असतात. तो भाग सहसा उशिरा विकत घेतलेला असतो. पहिला भाग दहा जणांनी चाखून पाहिलेला असतो, तिसरा फक्त शेवटपर्यंत टिकणाऱ्यांकडे जातो, आणि ते त्याला जपून हाताळतात. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला एक आहे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. एकच वाचक असला तरी तो वाचक आहे. ज्या मुलीने तुमच्याकडे 'मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स'चे सहाच्या सहा भाग वाचले असतील, तिच्या दृष्टीने ते वाचनालय म्हणजे तेच सहा भाग.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. संच तोडू नका, हात जोडून सांगतो. 'भाग चार ते सहा' असं पार्सल कुठलंही वाचनालय घेणार नाही. मी स्वतः अशी पुस्तकं दारातून परत पाठवलेली आहेत, नाहीतर ती निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, ढिगात पडून रद्दीत गेलेली पाहिली आहेत. ठेवायचं तर पूर्ण ठेवा, द्यायचं तर पूर्ण द्या. अर्धा संच इथे राहिला आणि अर्धा तिथे गेला, की दोन्हीकडची पुस्तकं मेली.

(अवांतर: खोक्यात भरण्याआधी पुस्तकं दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा. पावसाळ्यातली ओल घेऊन बंद खोक्यात गेली, तर उघडाल तेव्हा बुरशी आणि कसर दोन्ही सापडतील.)

कपाटवाली (ठाणे)

ग्रंथपाल सर, संच तोडू नये हे पटलं, त्याप्रमाणे यादी बदलते. नोंदवहीचं मात्र नाही पटत.

माझा मुद्दा मुलांच्या वेळेचा आहे. आमच्याकडे सातवीच्या उन्हाळ्यात मूल जाड पुस्तक उचलायला लागतं. आठवी, नववी. मग दहावीचे क्लास लागतात आणि नोंदवहीत त्याचं नाव दिसेनासं होतं. बारावीनंतर परत येतात काही, सगळे नाही. म्हणजे हातात दोन वर्षं, फार तर अडीच. पर्सी जॅक्सनचे पाच, 'हीरोज'चे पाच, अपोलोच्या मालिकेचे पाच. एकाच लेखकाच्या एकाच जगात पंधरा पुस्तकं होतात! त्या दोन वर्षांत मुलाने दुसरं काही उघडलंच नाही तर? पहिल्या पाचांत गोष्ट पूर्ण होते, भविष्यवाणी खरी होते, पर्सी सोळा वर्षांचा होतो. तिथे थांबलेल्या मुलाचं काही हुकत नाही, आणि त्याचा हात मोकळा होतो. कपाटाने त्याला थांबायला मदत करावी, एवढंच माझं म्हणणं.

नववी ब

काकू, मी वसंत विहारला राहते आणि खरंच नववीत आहे. तुम्ही आमच्या वेळेचा विचार करताय ते चांगलं आहे, पण आम्हाला विचारलंत का?

मी पहिले पाच शाळेच्या वाचनालयातून वाचले आणि पुढचे पाच वाढदिवसाला मागून घेतले. एकच मालिका ठेवायची असेल तर मी 'हीरोज' ठेवीन. पहिल्या पाचांत सगळं पर्सी सांगतो. त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. नीको पहिल्या मालिकेत येतो तेव्हा तो फक्त चिडका, एकटा मुलगा वाटतो. तो असा का आहे हे 'हीरोज'च्या चौथ्या भागात कळतं, त्याला पर्सी आवडत होता म्हणून. ते सांगतानाही त्याच्यावर जबरदस्ती होते. ते वाचून मी मागचे सगळे भाग काढून नीकोची पानं परत वाचली. हे पहिल्या पाचांवर थांबलेल्याला कधीच कळणार नाही, आणि आपलं काही हुकलंय हेही कळणार नाही.

तुम्ही म्हणता गोष्ट पाचव्या भागात पूर्ण होते. पर्सीची होते. नीकोची नाही होत.

आणि एकाच जगात राहिलं तर काय बिघडलं? क्लासहून आल्यावर डोकं इतकं भरलेलं असतं की नवीन माणसांची नावं पाठ करायची ताकद नसते. ओळखीची माणसं असली की मी वाचते. नसली तर मोबाइल बघते. हे खरं सांगते आहे.

फुरसुंगीचा पाहुणा

एवढी चर्चा झाली आणि मराठीचं नाव नाही! ज्या ठाण्यात १८९३पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे, तिथल्या मुलांच्या कपाटात काय राहावं यावर आपण बोलतोय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. कुठलाही भाग उचला, पहिला वाचलेला असो वा नसो, बन्याची सायकल सुटली की आपण मागे. प्रत्येक पुस्तकात गोष्ट पूर्ण. सोडायचा प्रश्नच येत नाही, कारण लेखकाने वाचकाला पुढच्या भागासाठी अडकवून ठेवलेलंच नाही. माझं मत स्पष्ट आहे. इंग्रजी मालिका द्या सगळ्या आणि ते कपाट मराठी पुस्तकांनी भरा.

ऐरोलीची आई

पाहुणे, फेणे माझ्याही घरात आहे आणि मुलाने तो तिसरी-चौथीत फडशा पाडून वाचला. आता तो पंधरा वर्षांचा आहे. त्याला राग येतो, मुलगी आवडते, बापाशी पटत नाही, आपण कोण आहोत हे कळत नाही. त्याला फेणे पुरत नाही. त्या वयासाठी मराठीत काय द्यायचं, हे मी दुकानात उभी राहून विचारलं, तर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या पुढे आल्या. बन्या आणि त्या कादंबऱ्या यांच्यामधला खण रिकामा आहे. तो भरेपर्यंत मुलं इंग्रजीकडेच जाणार, आणि कपाट उपाशी ठेवून ती मराठीकडे वळणार नाहीत.

कपाटवाली ताई, 'थ्रोन ऑफ ग्लास'बद्दल तुमच्या बाजूने, पण कारण वेगळं. मी ती वाचली आहे. पहिला भाग खुशाल तेरा वर्षांच्या मुलीला द्यावा, पुढे पुढे मजकूर मोठ्यांचा होत जातो. याच लेखिकेची दुसरी मालिका, २०१५ला सुरू झालेली, आधी किशोरांसाठी म्हणून विकली आणि २०२०मध्ये नवी मुखपृष्ठं चढवून मोठ्यांच्या विभागात नेली. म्हणजे प्रकाशकालाही ते मान्य करावं लागलं. सोळा-सतराच्या मुलीने वाचावी, मी अडवणार नाही. पण जिथे सातवीचं मूल स्वतः हात घालतं त्या कपाटात नको.

सानपाडा लोकल

याला मात्र माझा विरोध. वरच्या खणात ठेवा आणि मागितली की द्या. वयाच्या कारणाने पुस्तक काढायला लागलो तर 'हंगर गेम्स'ही काढावी लागेल. तिथे मुलंच मुलांना मारतात.

ऐरोलीची आई

'हंगर गेम्स'मध्ये मरण आहे, पण ते वाचकाला आवडावं म्हणून लिहिलेलं नाही. त्या जीवघेण्या खेळातली छोटी रू मरते तेव्हा नायिका कॅटनिस तिच्याभोवती फुलं ठेवते, आणि आपल्याला तो खेळ बघणाऱ्यांची घृणा वाटते. माझ्यासाठी फरक तो आहे.

घोडबंदर

एक साधा उपाय सुचवतो. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा ५० पानांचा नियम प्रसिद्ध आहे. ५० पानं वाचा, पकड घेतली नाही तर पुस्तक सोडा. तो एका पुस्तकासाठी आहे. मालिकेसाठी मी घरात असं ठरवलंय की पहिला भाग पूर्ण वाचायचा आणि ५० पानांचा नियम दुसऱ्या भागाला लावायचा. पहिल्या भागात सगळेच लेखक जीव ओततात. दुसऱ्यात कळतं की सांगण्यासारखं उरलंय का. चारशे-पाचशे रुपयांना एक भाग पडतो, मुलं स्वतःच हिशेब करायला शिकली.

नेरूळचा ग्रंथपाल

नियम चांगला आहे, पण दुसऱ्या भागाला तो कठोर ठरतो. 'इन्हेरिटन्स' घ्या. तीन भागांत संपणार म्हणून जाहीर झालेली मालिका चार भागांची झाली. दुसऱ्या भागात नायक एरॅगॉन मुख्यतः शिकतो. एल्फांकडे राहतो, भाषा शिकतो, चुकतो, पुन्हा शिकतो. बरीच मुलं तिथेच गळतात. पण ते शिक्षण नसतं तर पुढच्या लढाईला अर्थ राहिला नसता. मधला भाग संथ असणं आणि लेखकाकडे सांगण्यासारखं काही नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ५० पानांत तो फरक दिसेलच असं नाही.

कपाटवाली (ठाणे)

सगळ्यांचं वाचून काल रात्री यादी पुन्हा केली.

'मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स'चे सहाही भाग एकत्र जातील. 'थ्रोन ऑफ ग्लास'ही जाईल, संच अपुरा आहे हे लिहून देईन. 'हंगर गेम्स', 'इन्हेरिटन्स' आणि पर्सीचे पहिले पाच राहतील. 'हीरोज'चेही पाच राहतील, नववी ब, ते तुझ्यामुळे. अपोलो जाईल. मुलांचे दोन वर्षांचे दिवस मोजून वापरायला हवेत या मतावर मी ठाम आहे, पण नीकोची बाजू माझ्या हिशेबात नव्हती. फेणे कधीच यादीवर नव्हता, पाहुणे, तो सगळ्यात वरच्या खणात जातो आहे.

'डायव्हर्जंट' देतेच आहे. सानपाडा लोकल यांनी आईचा जो संदर्भ दिला तो मी पडताळून पाहिला, तो आहे. तरीही तिसऱ्या भागातली मधली दोनशे पानं मला मुलांच्या हातात द्यावीशी वाटत नाहीत. कुणाला तिन्ही भाग हवे असतील तर शनिवारी संध्याकाळी या, खोली सातपर्यंत उघडी आहे.

सानपाडा लोकल

मी येतो. आमच्या सोसायटीतही मुलांचं एक कपाट आहे, अर्धं रिकामं. ती मधली दोनशे पानं कुठली ते पेन्सिलने खूण करून ठेवा ताई, मुलांनी वाचली की काय म्हणतात ते इथेच लिहीन.