बाटलीतच घोळ होतो

बरेच जण म्हणतात की पिण्याचं पाणी आयसीपी-एमएसवर (पाण्यातले शिसं, आर्सेनिकसारखे घटक मोजणारं मशीन) टेस्ट केलं की आकडा पक्का, मग शंकाच नको. मशीन भारी आहे हे मान्यच, लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम शिसंसुद्धा आरामात पकडते, पण तिच्यात जे पाणी जाईल तेच ती मोजणार ना. मी लॅबमध्ये होतो तेव्हा एक काका बोअरचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत घेऊन आले, आठवडाभर घरी पडलेलं, तळाला विटकरी रंगाचा गाळ. नुसतं वरचं पाणी लावलं तर आर्सेनिक जवळपास शून्य. मग त्याच बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2 च्या खाली आणला, रात्रभर ठेवलं, गाळ विरघळला आणि सकाळी आर्सेनिक चक्क दिसलं. पाण्यातलं लोह हवा लागून गाळ होतं आणि जाताना आर्सेनिकला सोबत घेऊन तळाशी बसतं, शिसं तर बाटलीलाच चिकटतं. म्हणून लॅबकडूनच बाटली मागा आणि अ‍ॅसिड कधी घालणार ते विचारा.

उलटंही होतं बरं का. खाडीजवळच्या खारट विहिरीत क्लोराइड भरपूर, मशीनमधला आर्गॉन वायू (अणूचं वजन 40) आणि क्लोराइडमधलं क्लोरीन (35) जोडले जाऊन 75 वजनाचा कण बनतो, मशीन कण वजनावरूनच ओळखते आणि आर्सेनिकही नेमकं 75, म्हणजे नसलेलं आर्सेनिक दिसतं. यावर उपाय आहे, हेलियम घालून तो खोटा कण अडवतात. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची आपली मर्यादा लिटरला फक्त 0.01 मिलिग्रॅम, तिथे एवढ्यानेसुद्धा रिपोर्ट इकडचा तिकडे होतो, त्यामुळे पाणी खारट असेल तर हेलियम मोड वापरला का हे नक्की विचारा.