'उबदार' आवाज, 'गोल' आवाज आणि 'तार' बदलणे

तिवसा तालुक्यातून:

नमस्कार मंडळी. हेडफोनबद्दल मराठीत लिहिताना 'उबदार आवाज' हा शब्द मला फार दिवसांपासून खटकतो. इंग्रजीतल्या 'वॉर्म'चं ते सरळ भाषांतर. सेनहायझरचा एचडी ६०० आला १९९७ साली, एचडी ६५० आला २००३ साली. दिसायला दोघं सख्खे भाऊ, दोघांचाही रोध ३०० ओहम. पण ६५० जास्त 'वॉर्म' आहे असं ऐकणारे सांगतात. म्हणजे खालच्या पट्टीतले स्वर जरा भरलेले आणि वरच्या स्वरांची धार जरा कमी. मीही आजवर त्याला 'उबदार'च म्हणत आलो.

मागच्या महिन्यात अकोल्याचा मित्र त्याचा ६५० घेऊन मुक्कामी आला. माझ्याकडे ६०० आहे. बाबा चाळीस वर्षांपासून भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. मोझरीचं गुरुकुंज आमच्या तालुक्यातच, तुकडोजी महाराजांमुळं इकडं गावोगाव खंजिरी भजन आहे. आमच्या मंडळाचं भजन मी देवळात रेकॉर्ड करून ठेवलं होतं, तेच बाबांना दोन्हींवर ऐकवलं. आवाज दोन्हीकडं सारखा लावून दिला. बाबांनी आधी ६०० लावला, मग ६५०, मग परत ६००. डोळे मिटून, बोटं मांडीवर. आणि म्हणाले, "याच्यातली खंजिरी शेकेल हाय. अन् त्याच्यातली सादळली."

ज्यांनी खंजिरी हातात धरली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, सादळतं, आवाज उतरतो, थाप मऊ पडते. मग भजनाआधी खंजिरी शेकोटीवर धरायची. कातडं ताणतं, आवाज चढतो, थाप टणक होते आणि झांजा वेगळ्या वाजल्यासारख्या होतात. म्हणजे आमच्याकडं ऊब लागली की आवाज कडक होतो! बाबांना मी '६५०चा आवाज उबदार आहे' असं सांगितलं असतं तर ते नेमकं उलटं समजले असते.

पण 'सादळलेला' हा दोष दाखवणारा शब्द आहे आणि ६५०मध्ये दोष नाही. रात्री जुनी नाट्यगीतं ऐकायला तो मला ६००पेक्षा बरा वाटला. तर या गुणाला मराठीत काय म्हणावं?

दर्यापूरहून:

भाऊ, तुमच्या बाबांच्या कानाला नमस्कार. मी पेटी शिकवते. माझ्या मते 'गोल' म्हणा. 'गळ्यात गोलाई आहे' हे आपण गाणाऱ्याबद्दल म्हणतोच. स्वराला कोपरे नाहीत, टोचत नाही, पण स्वर जागेवर आहे. 'भरदार' नको, त्यात आवाज मोठा असल्याचं येतं. भरदार आवाज टोचूही शकतो.

अजून एक. हेडफोनच्या खर्जाबद्दल लिहिताना लोक 'घुमारा' आणि 'घुमतो' एकाच अर्थानं वापरतात, तेवढं सांभाळा. डग्ग्याचा घुमारा ही तारीफ आहे. थाप पडल्यावर नाद उठतो, हातानं वळवला तसा वळतो आणि वेळेवर विरतो. पण टिनाच्या सभामंडपात आवाज 'घुमतो' तेव्हा शब्द कळत नाहीत, ती तक्रार असते. खर्ज नुसता जास्त असणं म्हणजे घुमारा नव्हे.

वणीहून:

माझ्याकडं बायरडायनॅमिकचा डीटी ९९० आहे, २५० ओहमचा. त्याचा वरचा आवाज कानाला टोचतो, झांज वाजली की दात शिवशिवतात. याला मी 'उजळ' म्हणायचो, आता 'किनरा' म्हणावं वाटतं. पण माझा प्रश्न तारेचा आहे. मित्राच्या हेडफोनला चांदीची महागडी तार लावली तर आवाज 'उघडला' असं तो म्हणतो. मलाही तसंच वाटलं. तुमचं काय म्हणणं?

तिवसा तालुक्यातून:

ताई, 'गोल' पटला. बाबांना विचारलं, तेही म्हणाले, "हो, गोल म्हन."

दादा, आधी शब्दाचं. मी घरी 'तार बदलली' म्हणालो तेव्हा बाबा म्हणाले, "कोन्ती? कुंपनाची?" गावात तार म्हणजे कुंपणाची किंवा खांबावरची, आणि केबल म्हणजे टीव्हीची. त्यात पेटीवाल्याला 'तार' म्हटलं की तार सप्तक आठवतं आणि तंबोरेवाल्याला वाद्याची तार. शेवटी हेडफोनच्या बाबतीत मी 'वायर' म्हणतो. सगळे म्हणतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

आता आवाजाचं. हा हिशोब मी वहीत मांडलाय. ३ मीटर लांबीची, ०.१ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर धरा. जाण्या-येण्याचा रोध मिळून साधारण १ ओहम होतो. समोर हेडफोन ३०० ओहमचा. म्हणजे वायर खाते ३०० मधला एक वाटा, आवाजात ०.०३ डेसिबलचा फरक. तो कोणाच्याही कानाला कळायचा नाही. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्केच चांगली वाहक, म्हणून त्या १ ओहमचे होतील ०.९५. हेडफोन ३२ ओहमचा असला तर वायरीचा वाटा ३ टक्क्यांवर जातो, तोही पाव डेसिबलच. तिथंसुद्धा वायर आखूड किंवा जाड केली की काम होतं, चांदी लागत नाही.

मग तुम्हा दोघांना फरक का वाटला? वायर बदलायला हेडफोन काढावा लागतो, मधे दोन-चार मिनिटं जातात, परत लावताना गादी कानावर जरा वेगळी बसते. आवाजाचं बटण थोडंही पुढं सरकलं असेल तर मोठा आवाज कानाला नेहमी 'उघडलेला'च वाटतो. परत करून पाहा, पण वायर कोणती लावली हे दुसऱ्याला ठरवू द्या, तुम्हाला सांगायचं नाही.

मी स्वतः अशा वायरीवर पैसे घालवले आहेत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. माझ्या अँपमध्ये, म्हणजे लॅपटॉप आणि हेडफोनच्या मधे लावलेल्या अँप्लिफायरमध्ये, सतत एक घूं असायची. दुकानदारानं चांगली वायर घ्यायला लावली, कापसाच्या पैशातून घेतली, घूं तशीच राहिली. एका संध्याकाळी लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, अँप इन्व्हर्टरवर चालू होतं आणि आवाज एकदम स्वच्छ! चार्जर काढला की घूं जायची, लावला की यायची. घराचं अर्थिंग तपासलं तर विहिरीजवळचा तो रॉड कोरड्या मातीत नुसता उभा होता. खड्डा खोदून कोळसा-मीठ भरलं, पाणी ओतलं, जोड घट्ट केला. घूं जवळजवळ गेली. हेडफोनची वायर त्यात कुठंच नव्हती.

दर्यापूरहून:

त्या घूंला आमच्या घरी 'भणभण' म्हणतात, पण भणभण माशीची, ती बारीक. वीज ५० हर्ट्झची असते, तिचा आवाज खालचा. तुमचा 'घूं' बरोबर आहे.

'साउंडस्टेज'ला काय म्हणता? मला 'बैठक' सुचतं. भजनात मृदंग एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, टाळकरी मागं. डोळे मिटून कोण कुठं बसलंय हे कळलं, तर 'बैठक दिसते'.

वणीहून:

ताई, शब्द छान आहे. पण 'आवाजाला बैठक आहे' म्हणजे आवाज पक्का आहे, असंही आपण म्हणतो. गोंधळ होईल. डीटी ९९० मध्ये मंडळी ऐसपैस बसल्यासारखी वाटतात, हे मात्र खरं.

तिवसा तालुक्यातून:

'बैठक दिसते' आणि 'बैठक आहे' यात क्रियापदच अर्थ वेगळा करतं. म्हणून मी ताईंचाच शब्द घेतो. ६००ची बैठक जवळची, मंडळी गुडघ्याला गुडघा लावून बसलेली.

आणखी एक शब्द राहिला. मागून झाकलेल्या हेडफोनला बरेच जण 'बंद हेडफोन' लिहितात. गावात 'बंद' म्हणजे बिघडलेला. मी विकायला काढताना तसं लिहिलं तर एकानं निम्मी किंमत सांगितली. ६००ला मागून लोखंडी जाळी आहे, म्हणून आम्ही 'जाळीचा' आणि 'झाकणाचा' म्हणतो. मे महिन्यात हा फरक लहान पोरांनाही कळतो. जाळीच्या हेडफोनमध्ये कूलरची सगळी घरघर आत येते, झाकणाच्यात येत नाही, पण कान घामानं चिंब होतात. उन्हाळ्यात मी रात्री दोननंतर कूलर बंद करून ६०० ऐकतो.