विषय: दिवाळी अंक – 48ची 53 पानं झाली!

प्रेषक: अंक समिती
मंडळी, कालची वर्डची फाइल लिब्रेऑफिसात (वर्डसारखंच, पण फुकटचं सॉफ्टवेअर) उघडली तर 48ची 53 पानं. वहिनींच्या गझलेचा मक्ता, म्हणजे शेवटचा शेर, एकटाच पुढच्या पानावर. छापखान्याला पानं चारच्या पटीत लागतात. शनिवारच्या आत उपाय सांगा. "वर्ड घ्या" एवढंच कृपया लिहू नका.

प्रेषक: माजी अध्यक्ष
वर्ड घ्या. माझ्या वेळी हा प्रश्न कधी आला नव्हता.

प्रेषक: खजिनदार
काका, तुमच्या वेळी वर्ड तुमच्या ऑफिसचं होतं. आता वर्डची वर्षभराची वर्गणी एका अंकासाठी? सेवाभावी संस्थांना मायक्रोसॉफ्टची बिझनेस बेसिक योजना फुकट आहे, पण त्यातलं वर्ड ब्राउझरमध्ये नाहीतर मोबाइलवरच चालतं. तिकडे जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याचं सरकार 30,000 कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर नेतंय, आणि आपलं 48 पानांवर अडलंय!

प्रेषक: माजी अध्यक्ष
आणि त्याच जर्मनीतलं म्युनिक शहर? विंडोज सोडून फुकटच्या लिनक्सचा एवढा गाजावाजा केला, 2017मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलंच ना?

प्रेषक: वेबसाइट
म्युनिक राहू दे. भानगड फॉन्टची आहे. फाइलमध्ये मराठीला मंगल फॉन्ट आहे, तो विंडोजबरोबर येतो, समितीच्या लिनक्सवर नाही. इंग्रजीचा कॅलिब्री नसेल तर त्याच मापाचा कार्लिटो बसतो, म्हणून इंग्रजी जाहिराती जागच्या जागी आहेत. मंगलला असा बदली गडी नाही. सगळ्यांनी मुक्ता फॉन्ट टाका, मुंबईच्या 'एक टाइप'चा, फुकट आहे. लिब्रेऑफिसात मराठीचा फॉन्ट 'कॉम्प्लेक्स'च्या रकान्यात बदलायचा. 'वेस्टर्न' म्हणजे इंग्रजीच्या रकान्यात कितीही बदला, मराठी ढिम्म हलणार नाही.

प्रेषक: मुद्रितशोधन
मुक्ता मथळ्यांना ठीक. सलग मजकुराला टिरो देवनागरी मराठी घ्या, तोही फुकट. ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. मंगलमधला श पाहून आई दरवर्षी विचारते, अंक हिंदीत काढलात का?

प्रेषक: एक वाचक
माझा प्रवासलेख मिळाला का? माझ्याकडे तर छान दिसतोय.

प्रेषक: मुद्रितशोधन
मिळाला. आमच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं दिसतायत. युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरांवर मराठी अक्षरं सारखीच ओळखली जाण्याच्या पद्धतीच्या) आधीचा फॉन्ट आहे तो. बदलून घेते, पण जोडाक्षरं तुम्हीच तपासा.

प्रेषक: खजिनदार
प्रवासलेख 11 पानांचा आहे. त्यातली पाच कापली तर पानांचा प्रश्नच मिटतो.

प्रेषक: माजी अध्यक्ष
टिरो वर्डमध्ये चालतो का?

प्रेषक: वेबसाइट
चालतो. गूगल फॉन्ट्सवरून उतरवा, फाइलवर दोनदा क्लिक करा, इन्स्टॉल म्हणा. वर्ड बंद करून पुन्हा उघडा. छापखान्याला मात्र पीडीएफच जाईल, आणि ती एकाच कॉम्प्युटरवरून निघेल. माझ्या.