माळ नाही म्हणून दिंडीत जागा नाही?

इंद्रायणीकाठ

परवा एका दिंडीचालकांची पोस्ट वाचली आणि दोन दिवस ती डोक्यातून जात नाहीये. म्हणणं थोडक्यात असं: वारी ही 'मी कोण' हे ओळखण्याची वाट आहे, हौशे-नवसे-गवसे येऊन तिची जत्रा करतात, म्हणून पुढच्या आषाढीपासून ज्याच्या गळ्यात माळ नाही त्याला दिंडीत मुक्कामाला जागा नाही. खाली नुसत्या 'रामकृष्णहरी'ची रांग. एकानंही विचारलं नाही की असं का.

माझ्या गळ्यात 2009 पासून माळ आहे. आळंदी ते पंढरपूर अकरा वाऱ्या पायी झाल्या. तरीही मला हे पटत नाही.

सहाव्या वारीत लोणंदच्या मुक्कामाला दिवेलागणीलाच पाऊस आला. राहुटीत पाणी शिरलं. आम्ही तेरा बायका आणि कोरडी जागा पाच जणींपुरती. माझ्याकडे दोन ताडपत्र्या होत्या. एक अंथरली. दुसरी पिशवीच्या तळाशी घातली आणि वर ओलं पातळ ठेवलं, कुणाला दिसू नये म्हणून. परभणीकडची एक म्हातारी होती, सासवडपासून आमच्यात आलेली. माळ नाही, हरिपाठाच्या ओळी मागे-पुढे व्हायच्या, टाळ धरता येत नव्हता. ती रात्रभर तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर उकिडवी बसून होती. मी जागी होते, मला ती दिसत होती. पहाटे काकड्याला उठले तर तिनं माझ्या चपला धुऊन आचाऱ्याच्या भट्टीशेजारी वाळत ठेवलेल्या.

तोवर मी स्वतःला मायाळू बाई समजत होते. आत्मबोध, आत्मबोध म्हणून कीर्तनात शंभरदा ऐकलं असेल. माझा झाला तो त्या ताडपत्रीपाशी, आणि माळ नसलेल्या बाईमुळे झाला. राहुटीत सगळ्या माझ्यासारख्याच असत्या, तर माझं मला काय कळलं असतं? घरच्या आरशात रोज बघते तेवढंच.

पताकाधारी

ताई, रामकृष्णहरी. ती पोस्ट माझी. नाव घेतलं नाहीत, तरी आमच्या भागात सगळ्यांनी ओळखलं.

तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण तुम्ही राहुटीत झोपता, मी ती उभी करतो. दोनशे चाळीस माणसं, दोन ट्रक, एक टँकर, चार आचारी. भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरली की काहींना वाटतं लॉजचं भाडं भरलं. गेल्या साली दोघं जण जेजुरीच्या मुक्कामाला बाहेर जाऊन मटण खाऊन आले आणि हात पुसत हरिपाठाला उभे राहिले. वाल्ह्याला एक जण पिऊन राहुटीच्या दोरीत पाय अडकून पडला, आख्खी राहुटी बायकांच्या अंगावर. जनरेटर चालू झाला की मोबाईल लावण्यावरून हाणामारी. काकड्याला उठवलं तर शिव्या. या सगळ्याला मी काय म्हणू, विविधता?

माळ म्हणजे दागिना नव्हे. मांस नाही, दारू नाही, एकादशी सोडायची नाही, वारी चुकवायची नाही, हा शब्द दिलेला असतो. ज्याला स्वतःला दिलेला एवढा शब्द पाळायचा नाही, तो स्वतःला काय ओळखणार? माझ्या वडिलांनी 31 वर्षं दिंडीची वीणा घेतली. शेवटच्या वारीत त्यांच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ असा होता की सदरा काढताना कातडं यायचं. दुसऱ्याला द्या म्हटलं तर म्हणाले, घेताना विचारलं नव्हतं, देताना कसं विचारू. वारी ही अशी आहे. औषध पाहिजे आणि पथ्य नको, हे चालायचं नाही.

घाटवाट

मी तुमच्या शब्दातला हौशा. पुणे ते सासवड, एवढंच चालतो. तीसेक किलोमीटर, मध्ये दिवेघाट. सात वर्षं झाली. रात्री एसटीनं घरी येतो, दुसऱ्या दिवशी ऑफिस.

देव आहे की नाही मला माहीत नाही. आई वारकरी होती. तिला शेवटी शेवटी चालवत नव्हतं, तेव्हा हडपसरला गाडीतळावर खुर्ची टाकून बसायची आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाला हात लावायची. ती गेल्यावर तिचे टाळ माझ्याकडे आले. मला ते वाजवता येत नाहीत, पिशवीत घेऊन चालतो. गेल्या वर्षी घाटाच्या पायथ्याला एका दिंडीतल्या माणसानं माझी बाही धरून कडेला ओढलं, "हौशांनी कडेनं चाला, लाईन मोडू नका." मोबाईल खिशात होता, फोटो काढत नव्हतो, कुणाला धक्काही लागला नव्हता. सासवडपर्यंत एक शब्द बोललो नाही.

हौशे-नवसे-गवसे म्हणायला सोपं आहे. माझ्या पिशवीत काय आहे, हे त्या माणसानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पताकाधारी

एका दिवसाच्या वारीबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. पोस्ट मुक्कामाबद्दल आहे. आणि ओळीचं म्हणाल तर घाटात रथाला बैलांच्या जास्तीच्या जोड्या लागतात. ओळ मोडली तर चेंगराचेंगरी होईल, मग कुणाला धराल? बाही धरली ते चुकलं. सांगणं चुकलं नाही.

भीमेपलीकडचा

माळेचं चाललंय तर चालू द्या. मला पंगतीचं बोलायचंय.

तुमच्यातले सगळे एकमेकांना माऊली म्हणतात आणि दुसऱ्या मिनिटाला आडनाव विचारतात. माझे वडील माळकरी होते, एकादशी कधी मोडली नाही. एका मोठ्या दिंडीत चौदा वर्षं चालले. नोंदणीच्या वहीत आडनाव लिहिलं गेलं आणि कामं ठरून गेली: मेखा ठोकणं, ताडपत्र्या चढवणं-उतरवणं, जेवणं झाली की पत्रावळी गोळा करणं. वाढायला चौदा वर्षांत एकदाही नाही. एकदा वाढपी कमी होते म्हणून त्यांनी आपणहून भाकरीची टोपली उचलली. दोन पावलं गेले असतील. एकानं येऊन टोपली हातातून घेतली आणि म्हणाला, "राहू द्या माऊली, तुम्ही दमलात."

शिवी नाही, वाईट शब्द नाही. वडिलांनी हे घरी एकदाच सांगितलं, तेही हसत. पुढच्या वर्षी दिंडी सोडली.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. सगळे तिथं डोकं टेकवतात. ती बाहेर का, हे दर्शनबारीतल्या किती जणांनी स्वतःला विचारलं? आजही काही दलित दिंड्या पालखीच्या अश्वांच्याही पुढे चालतात, त्या तिथं का, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. आत्मज्ञान शोधताय ना, मग इथून सुरू करा.

पताकाधारी

हे मुद्दाम ओढून आणलेलं आहे. माळेचा प्रश्न होता, जात कुठून आली? आमच्या दिंडीत अठरापगड माणूस आहे, एका पंगतीला बसतो. आणि इतिहासच काढायचा तर पूर्ण काढा. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपाशी राहिले, ते कुठं? तनपुरे महाराजांच्या मठात. वारकऱ्याच्या मठात. जागा माळकऱ्यानं दिली.

भीमेपलीकडचा

आणि विरोधात उभे होते त्यांच्याही गळ्यात माळाच होत्या. म्हणूनच म्हणतोय, माळ बघून माणूस कळत नाही. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

एका पंगतीला बसतो म्हणता. बसतो कोण, ते मी विचारलंच नाही. वाढतो कोण?

पताकाधारी

जो मोकळा असतो तो वाढतो. पहाटे तीनपासून राबणाऱ्या माणसांवर घरी बसून असले आरोप करू नका. एक वारी पूर्ण चाला, मग बोला.

भीमेपलीकडचा

चार केल्यात. आळंदी ते पंढरपूर, पायी. तुमच्या वहीत नाहीत म्हणून झाल्या नाहीत असं नाही.

इंद्रायणीकाठ

दादा, "घरी बसून" हा शब्द मागे घ्या. आणि मला "राहुटीत झोपता" म्हणालात तेही. आमच्या तेरा बायकांनी त्याच लोणंदला दुसऱ्या दिवशी साडेचारशे भाकऱ्या थापल्या होत्या, कुणाची वही न बघता.

जुना टाळकरी

रामकृष्णहरी मंडळी. तरुण मंडळी तापली, थोडं मला बोलू द्या. वय 74.

तळावर समाजआरतीला उभे राहिला असाल तर आठवा. पालखी मधोमध, भोवती सगळ्या दिंड्या. टाळांचा आवाज असा की शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. चोपदार दंड वर करून "हो" म्हणतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. अंगावर काटा येतो. पण ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल ती थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. त्या शांततेत तेवढाच आवाज. मग चोपदार चालत तिथं जातात, ऐकून घेतात, जागेवर निवाडा करतात. तो झाला की त्या दिंडीचे टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारायचं, उद्याची निघायची वेळ सांगायची, आणि आरती. गाऱ्हाणं शिल्लक ठेवून आरती होत नाही. पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांनी लावून दिलेली ही शिस्त आहे. भांडण झालं म्हणजे वारी बिघडली असं आमच्यात कधी मानलं नाही.

माळेबद्दल माझं मत पताकाधारींसारखंच आहे. पण आमच्या गुरूंनी मला माळ घातली ती माझ्या नवव्या वारीनंतर. तोवर मी तंबाखू खात होतो, आणि त्यांना ते माहीत होतं. आठ वर्षं त्यांनी मला दिंडीतून काढलं नाही.

भीमेपलीकडचा

बाबा, तुमच्या शब्दाला मान आहे. टाळांची गोष्ट खरी आहे, मीही उभा राहिलोय तिथं. पण ते टाळ वाजतात दिंडीचे. दिंडीच्या आतल्या एकट्या माणसाचं गाऱ्हाणं दिंडीविरुद्धच असेल, तर त्यानं कुणाचे टाळ वाजवायचे? रथापुढच्या 27 दिंड्या असोत नाहीतर रथामागच्या, चोपदार नंबर असलेल्या दिंडीकडे जातात. माझ्या वडिलांकडे नंबर नव्हता. पत्रावळ्यांची पाटी होती.

जुना टाळकरी

याला माझ्याकडे उत्तर नाही.

घाटवाट

माझा प्रश्न वर राहूनच गेला, पण राहू दे. हे जास्त महत्त्वाचं आहे.

पताकाधारी

काल रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, रागातच. आमच्या दिंडीत असं नाही, हे पुराव्यानं दाखवायचं म्हणून वह्या काढल्या. वडिलांच्या हातच्या नऊ आणि माझ्या अकरा. भिशीचा हिशेब एका बाजूला, कामाच्या वाटण्या दुसऱ्या बाजूला.

वाढप्यांची नावं वीस वर्षं चार घरांतली आहेत. माणसं बदलली, मुलगे आले, पुतणे आले, घरं तीच. त्यातलं एक माझं. कुणी ठरवलं असं कुठं लिहिलेलं नाही. मी कधी कुणाला नाही म्हटलं असंही आठवत नव्हतं. भीमेपलीकडच्यांच्या वडिलांची दिंडी आमची नव्हती, हेही वह्यांत बघून घेतलं. तेव्हा थोडा वेळ बरं वाटलं.

मग त्यांचं ते वाक्य परत वाचलं. "राहू द्या माऊली, तुम्ही दमलात." हे मी म्हटलंय. आमच्या दिंडीत, बरडच्या मुक्कामाला, सात-आठ वर्षांपूर्वी. समोरच्या माणसाच्या हातात आमटीची बादली होती. तो दमलेला नव्हता. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की मी प्रेमानं बोलतोय.

"घरी बसून" मागे घेतो. ताईंना बोललो तेही मागे घेतो. पुढच्या आषाढीला वाढप राहुटीच्या क्रमानं लागेल, पहिल्या दिवशी एक नंबर, दुसऱ्या दिवशी दोन. वहीत आडनावाचा रकाना नसेल. नाव, गाव, घरचा फोन, औषध चालू असेल तर ते, एवढं पुरे आहे. याला आमच्यातले दोघं-तिघं विरोध करतील, त्यांचं मी बघतो.

भीमेपलीकडचा

रकाना काढा, चांगलं आहे. पण गाव विचारलं आणि वस्ती कुठली विचारलं की तेच होतं, हेही लक्षात ठेवा. आणि बादली ज्याच्या हातातून घेतलीत तो माणूस आठवत असेल, तर हे त्याला सांगा. मला लिहून काय होणार?

इंद्रायणीकाठ

मीही त्या परभणीच्या बाईंना परत कधी शोधलं नाही, हे इथं सांगते. नावही विचारलं नव्हतं.

पण दादा, माळेच्या अटीबद्दल तुम्ही अजून काही बोलला नाहीत.

पताकाधारी

अट माझी एकट्याची नाही. माघी वारीला सगळे पंढरपुरात जमतात, तेव्हा परत मांडेन. मी स्वतः अजून अटीच्याच बाजूनं आहे, खोटं कशाला बोलू. बाबांच्या नऊ वाऱ्यांचा विचार करतोय, एवढं नक्की. पिऊन येणाऱ्याला जागा नाही, यात मात्र बदल होणार नाही.

घाटवाट, हडपसरला आमची दिंडी ज्या दिवशी येईल त्या दिवशी टाळ पिशवीतून काढून या. पावली दिवेघाटापर्यंत शिकून होते. मुक्कामाचा प्रश्न तुम्हाला नाहीच.

त्या माणसाचा नंबर जुन्या वहीत सापडला. सकाळपासून दोनदा लावला, लागत नाही. संध्याकाळी परत लावतो.