मदत हवी आहे: गोठ्यामागे रोज सकाळी घोणस उन्हाला येते

मळेकरी
नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यातले, मळ्यातच राहतो. थंडी पडल्यापासून गोठ्यामागच्या दगडी बांधावर एक घोणस ऊन खायला येते. रात्री पारा ७-८ अंशांवर उतरला की सकाळी हमखास. ऊन बांधावर पडलं की फटीतून आधी डोकं, मग हळूहळू सगळं अंग बाहेर. एरवी मनगटाएवढी जाड दिसते, पण उन्हात बरगड्या फाकवून अंग पार चपटं करते. अकराच्या आत परत फटीत. ढगाळ दिवशी फिरकत नाही.

अडचण अशी की आई त्याच वेळेला शेण काढायला तिकडून जाते. भावकीतले म्हणतात, काठी घाला आणि मोकळे व्हा. मला मारायची नाही, कांदाचाळीतले उंदीर तीच खाते. सर्पमित्राला बोलावलं, पण तो पोचेपर्यंत बाई आत. तिला इथंच का यायचं असतं? थंडी सरली की जाईल? पोटुशी असेल का? आणि न मारता जागा कशी बदलायला लावायची? जाता जाता अजून एक: पावसाळ्यात शेततळ्याकाठी बेडकांचा नुसता गोंगाट होता, आता एक दिसत नाही. ते का उन्हाला येत नाहीत?

काकासाहेब
कार्बोलिक ॲसिड शिंपडा चौफेर. आमच्याकडे तेच करतात.

रानभूल
काकासाहेब, नका हो. त्यानं साप जात नाही, जनावरांना आणि लेकरांना मात्र भाजतं. डांबरगोळ्यांचंही तेच, उपयोग शून्य.

मळेकरी, आधी खात्री करा. पाठीवर साखळीसारखे गोल डाग तीन ओळींत आहेत का? डिवचल्यावर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार? मग घोणसच. डाग वेडेवाकडे आणि शेपटी आखूड, बोथट असेल तर डुरक्या घोणस, ती बिनविषारी.

इथंच का? सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणूनच त्याला खाणंही कमी पुरतं. तेवढ्याच वजनाच्या मांजराच्या दहाव्या हिश्श्यात भागतं. पण खाल्लेला उंदीर पचवायला अंग पंचवीस-तीस अंशांपर्यंत तापावं लागतं. फार गारठ्यात पचन थांबतं, मग गिळलेलं ओकून टाकावं लागतं. तुमचा बांध पूर्वेकडून तापतो, लपायला फट हाताशी आणि उंदीर चाळीत. यापेक्षा चांगली जागा तिला कुठं मिळणार? चपटं होणं म्हणजे जास्तीत जास्त अंग उन्हाला देणं.

पोटुशी असू शकते. थंडीत त्यांचे मीलनाचे दिवस असतात आणि घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, उन्हाळा सरताना किंवा पावसाच्या तोंडावर. एका वेळी वीस-चाळीस पिल्लं सहज. पोटातल्या पिल्लांसाठीही तिला ऊब लागते, म्हणून अशी मादी जास्त वेळ उन्हात पडून राहते.

बेडकांचं गणित उलटं. त्यांची कातडी पातळ आणि ओलसर, उन्हात बसले तर अंगातलं पाणीच उडून जाईल. म्हणून ते मऊ, ओल्या मातीत शिरतात. काही जातींच्या मागच्या पायांना फावड्यासारखी कडक गाठ असते, उलटं सरकत जमीन उकरतात. मूत्राशयात साठवलेलं पाणी पुरवून पुरवून वापरतात. जूनमध्ये पुन्हा ऐकाल.

मळेकरी
साखळीच आहे, तीन ओळी. म्हणजे घोणसच. आता हलवायची कशी?

रानभूल
बांधाच्या त्या टप्प्यावर सावली करा. बागेचं जुनं शेडनेट पूर्वेला उंच बांधा, पण जमिनीला टेकू देऊ नका, त्यात साप अडकून मरतात. लांबच्या बांधावर, वाटेपासून दूर, उन्हात दगडांचा ढीग रचा. चाळीतला सडका कांदा आणि पसारा काढा, उंदीर कमी झाले की तिचा मुक्कामही कमी होईल. पकडून लांब डोंगरात सोडायला लावू नका, अनोळखी ठिकाणी असे साप भटकतात आणि बऱ्याचदा मरतात. वनखात्याचा १९२६ हा नंबर लिहून ठेवा. मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेही भावकीला सांगा.

खरी काळजी पुढेच आहे. आत्ता ती डोळ्यांसमोर असते. मार्चनंतर दिवस तापला की ती रात्री फिरायला लागेल, आणि आपल्याकडे लाइट रात्रीची. पाणी भरायला जाताना बॅटरी आणि गमबूट हवेतच. चावलाच तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. हातपाय न हलवता थेट दवाखान्यात, १०८ ला फोन. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं. ते जवळ कुठं मिळतं, आजच विचारून ठेवा.

मळेकरी
बरं. नेट आजच बांधतो. आईला सांगितलंय, ऊन चढेपर्यंत तिकडे जायचं नाही, शेण दुपारी काढू. बांधाचे सुटे दगडही हलवू का? सकाळी ती सुस्त असते तेव्हा सोपं जाईल.

रानभूल
तेच करू नका. गारठलेल्या सापाला पळता येत नाही, म्हणून तो चावण्यावरच भर देतो, आणि घोणस थंडीतही झपाट्यानं वार करते. सर्पमित्र हजर असताना दुपारच्या उन्हात करा, म्हणजे तिला निसटायला बळ असेल. फटीत हात नाही, लांब पहारीनं.